अलीकडे पाहिलेला, मनात राहिलेला चित्रपट : मराठवाड्यातील प्रेक्षकांचे अनुभव

छत्रपती संभाजीनगर : निमंत्रण

दरवर्षी अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत मी एक गोष्ट पाहत आलो आहे. चित्रपट संपतो, दिवे लागतात आणि माणसे "छान होता" किंवा "फार संथ होता" एवढेच म्हणून आपापल्या गाडीकडे वळतात. तीच माणसे दुसऱ्या दिवशी चहाला भेटली की मात्र हळूहळू बोलू लागतात. कुणाला पडद्यावरचा आड पाहून आजोळचा आड आठवलेला असतो, कुणाला त्यातला बाप शेवटी असा का वागला हे रात्रभर पटलेले नसते. मला ते दुसऱ्या दिवशीचे बोलणे हवे आहे.

म्हणून ही विनंती करतो. गेल्या तीन-चार वर्षांत आलेल्या एकाच गंभीर चित्रपटाविषयी लिहावे. तो कोणत्याही भाषेतला चालेल. कथानक लागेल तेवढेच सांगावे आणि तारे किंवा गुण देऊ नयेत. काय खरे वाटले, काय खटकले आणि आपले मत स्वतःच्या कोणत्या अनुभवातून आले, हे अवश्य लिहावे. शेवट सांगितल्याशिवाय मत मांडता येत नसेल, तर शेवट सांगण्यास हरकत नाही. नावाऐवजी गाव आणि काम लिहिले तरी पुरे.

माझी एक तळमळ आधीच नोंदवून ठेवतो. आपला प्रदेश पडद्यावर येतो तो बहुतेक वेळा भेगाळलेली जमीन आणि रिकामी घागर घेऊनच येतो. ते खोटे नाही, पण तेवढेच दाखवले की इथल्या माणसाला दुसरे काही दुःख असते किंवा काही हौस असते, हे बाहेरच्याला कळत नाही.

तालुका लोहा, जिल्हा नांदेड : निवृत्त कृषी सहायक

आदिनाथ कोठारे यांचा 'पाणी' मी नांदेडला मुलगा, सून आणि नातू यांच्याबरोबर पाहिला. २०१९ सालच्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरण संवर्धनाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याचा गौरव झाला, पण चित्रपटगृहांत तो १८ ऑक्टोबर २०२४ रोजी आला. आमच्याच तालुक्यातील नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांच्या खऱ्या धडपडीवर तो बेतलेला आहे. मी उभे आयुष्य पाणलोटाच्या कामात घालवले असल्यामुळे तो मी प्रेक्षक म्हणून कमी आणि साक्षीदार म्हणून जास्त पाहिला, हे मान्य करतो.

सर्वांत खरी वाटली ती लग्नाची गोष्ट. पाणी नसलेल्या गावात मुलगी द्यायची नाही, हे आमच्याकडे कुणी तोंडावर बोलत नाही. सोयरीक जुळत आलेली असते आणि एके दिवशी मध्यस्थाचे येणे बंद होते. नायकाच्या वाट्याला आलेला हा नकार चित्रपटाने कथेच्या मुळाशी ठेवला, हे मला फार योग्य वाटले. दुष्काळाचा आकडा पेपरात येतो, पण मोडलेली सोयरीक कुठल्याच अहवालात येत नाही.

खटकले ते असे. पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे असते. आधी डोंगरावर समतल चर, म्हणजे पाणी मुरावे म्हणून उताराला आडवे खणलेले चर, मग ओघळीत दगडी बांध, त्याखाली माती नालाबांध आणि शेवटी सिमेंटचा बंधारा. गावाला मात्र नेमके उलटे हवे असते, कारण बंधाऱ्यात पहिल्याच पावसात पाणी दिसते आणि वरच्या चरात काहीच दिसत नाही. वरचे काम न करता बंधारा बांधला, तर तो थोड्याच वर्षांत गाळाने भरतो. हे पटवून देण्यासाठी मी ज्या गावांत बैठका घेतल्या, तिथे खरा संघर्ष पुढाऱ्याशी कमी होता. ज्याच्या शेतातून चर जाणार, त्या सख्ख्या भावकीशी तो जास्त होता. "माझी दोन गुंठे जमीन जाणार आणि पाणी खालच्याच्या विहिरीला लागणार, हा कुठला न्याय?" या प्रश्नाला माझ्याकडे कधीही चांगले उत्तर नव्हते. हा प्रश्न विचारणाऱ्या शेतकऱ्याला चित्रपटात मोठी जागा मिळायला हवी होती. एका माणसाच्या जिद्दीवर सगळा प्रकाश टाकल्यामुळे ज्यांनी कुरकुरत का होईना आपली जमीन दिली, ती माणसे अंधारात राहिली.

तरीही नातवाने घरी आल्यावर समतल चर म्हणजे काय हे विचारले आणि मी त्याला अंगणात काडीने उतार काढून दाखवला. नोकरीच्या काळात माझ्या मुलाने हा प्रश्न मला एकदाही विचारला नव्हता.

लातूर : गृहिणी

वरील अनुभव वाचून 'पाणी'विषयीच दोन शब्द लिहिते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आमच्या शहरात आली. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी आले होते. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. त्या उन्हाळ्यात मी भांडी घासलेले पाणी झाडाला आणि कपडे धुतलेले पाणी संडासला, असा हिशेब ठेवत असे, आणि ती सवय आजही गेलेली नाही.

चित्रपट पाहताना मला पडद्यावरचा आवाज फार जवळचा वाटला. रिकामी घागर जमिनीवर ठेवल्यावर होणारा आवाज आणि भरलेली ठेवल्यावर होणारा आवाज आमच्या पिढीच्या बाईला डोळे मिटूनही ओळखता येतो. मात्र पाणी आल्यावरचा आनंद गाण्यात दाखवला, तो मला पटला नाही. पाणी आले तेव्हा आमच्या गल्लीत कुणीही नाचले नाही. आम्ही भांडी मोजत उभ्या होतो.

धाराशिव : पदव्युत्तर विद्यार्थिनी

जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' मार्च २०२५ मध्ये महिला दिनाच्या आदल्या दिवशी प्रदर्शित झाला. मी शिकायला पुण्यात असते. आई भेटायला आली होती, म्हणून तिला घेऊन गेले. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावात तो चित्रित झाला आहे आणि त्यात बहुतांश गावचीच माणसे आहेत. सुरुवातीलाच बायका खुर्च्यांवर बसलेल्या आहेत आणि मुलगा त्यांच्यासमोर बसून नाव, उंची, शिक्षण सांगतो आहे, असा उलटा प्रसंग येतो. सगळे प्रेक्षक हसले, आईही हसली. मग तो स्वप्नाचा भाग ओसरतो आणि त्याच जागी नायिका सविता येऊन बसते. तेच प्रश्न, त्याच क्रमाने. पुढे पुन्हा दुसरे पाहुणे, पुन्हा तेच प्रश्न. दुसऱ्या वेळी थोडे लोक हसले. त्यानंतर कुणाच्याही हसण्याचा आवाज मला आला नाही.

मला आतापर्यंत चार वेळा पाहून गेले आहेत. पहिल्यांदा मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते. काकूची साडी, आत्याच्या बांगड्या आणि चेहऱ्यावर शेजारच्या वहिनीने लावलेली पावडर, म्हणजे माझे स्वतःचे असे त्या खोलीत काहीही नव्हते. एकदा उंची विचारून समाधान झाले नाही, म्हणून पाहुण्यांनी मला त्यांच्या सुनेच्या शेजारी उभे केले. या चित्रपटात कॅमेरा सविताच्या बाजूला राहतो आणि समोर ओळीने बसलेल्या पुरुषांकडे पाहतो. ती जागा मला इतकी ओळखीची होती, की मी नकळत पाय मागे घेऊन बसले.

चित्रपटाची सर्वांत मोठी समज मला बापाच्या चित्रणात दिसली. तो कापूस उत्पादक आहे, मुलीवर त्याचे प्रेम आहे आणि तरीही तो तिला त्या खोलीत पुन्हा पुन्हा बसवतो, कारण कापसाचा भाव आणि मुलीचे लग्न एकाच वहीत लिहिलेले आहे. आमच्या घरी कापसाच्या जागी सोयाबीन आहे. भाव वाढेल म्हणून पोती घरात रचून ठेवायची आणि त्याच खोलीत पाहुण्यांना बसवायचे, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. एका स्थळाच्या वेळी बापूंनी ती पोती चादरीने झाकली होती.

एक गोष्ट अपुरी वाटली. पाहायला येणारे तरुण येतात, प्रश्न विचारतात आणि निघून जातात. त्यांच्या मनात काय चालले आहे, हे चित्रपट आपल्याला कळू देत नाही. दिग्दर्शकाने हे जाणीवपूर्वक केले असावे, कारण सविताला तरी ते कुठे कळते? परंतु आज आमच्याच गावात तिशी ओलांडलेले, शेती करणारे कितीतरी अविवाहित तरुण आहेत. त्या बाजूचा चित्रपटही कुणी तितक्याच प्रामाणिकपणे करावा, असे मला वाटते.

बाहेर पडल्यावर आई बराच वेळ बोलली नाही. मग रिक्षात म्हणाली, "तुला पाहायला आले तेव्हा मी चहाच्या कपांकडंच बघत होते गं, की सांडायचा नाही. तुझ्याकडं बघितलंच नाही."

तालुका गेवराई, जिल्हा बीड : शेतकरी, वय ३४

धाराशिवच्या ताईंनी ज्या बाजूचा उल्लेख केला, त्या बाजूचा मी आहे. साडेतीन एकर कोरडवाहू जमीन, घरी आई-वडील आणि एक बहीण, तिचे लग्न झालेले. ताईंचा अनुभव वाचल्यानंतर मी 'स्थळ' पाहिला.

माझ्याकडे गेल्या पाच वर्षांत जे निरोप आले, त्यांत माझ्या स्वभावाविषयी कुणी विचारले नाही. पुण्यात नोकरी आहे का, एवढेच विचारले. त्याचा राग माझ्या मनात होता आणि तो राग घेऊनच मी चित्रपटाला बसलो होतो. परंतु पाहताना मला सात वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. तेव्हा घरच्यांनी माझ्यासाठी मुली पाहायला सुरुवात केली होती. एका घरी मुलगी शांतपणे उत्तरे देत होती, शिकलेली होती आणि मला ती आवडली होती. परत येताना जीपमध्ये चुलते तिच्या रंगाविषयी बोलले, बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि मी खिडकीबाहेर पाहत बसलो. नकार माझ्या नावाने गेला. 'स्थळ'मधल्या त्या ओळीत बसलेल्या, काहीही न बोलणाऱ्या मुलाला पाहिल्यावर त्याच्या मनात काय चालले आहे, हे मला चित्रपटाने सांगण्याची गरज पडली नाही.

जालना : पोलाद कारखान्यातील पर्यवेक्षक

नीरज घायवान यांचा 'होमबाउंड' २०२५ च्या सप्टेंबरमध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी तो कान महोत्सवात दाखवला गेला होता आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणूनही निवडला गेला. मी तो नंतर घरी पाहिला. पहिल्यांदा शेवटचा अर्धा तास मला पाहता आला नाही. आठ दिवसांनी पुन्हा लावला, तेव्हा पूर्ण केला.

चंदन आणि शोएब हे दोन मित्र, एक दलित आणि एक मुसलमान, उत्तरेकडच्या एका गावातून पोलीस शिपाई होण्याची स्वप्ने पाहतात. गणवेश अंगावर आला की लोक आडनाव विचारणार नाहीत, अशी त्यांची आशा आहे. निकाल लागत नाही, वर्षे जातात आणि पोटासाठी ते सुरतला कापडाच्या कारखान्यात पोहोचतात. मग टाळेबंदी येते आणि ते घराकडे निघतात. वाटेत चंदन मित्राच्या मांडीवर प्राण सोडतो. २०२० साली एका पत्रकाराने लिहिलेल्या सत्यकथेवर हा चित्रपट आधारलेला आहे.

मी हे का पाहू शकलो नाही, ते सांगतो. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते आमच्या जालन्यातून, आमच्यासारख्याच कारखान्यातून, मध्य प्रदेशातील आपल्या घरी जाण्यासाठी पायी निघाले होते. गाड्या बंद आहेत असे समजून ते रुळांवर टेकले होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र आले. मी त्यांच्यापैकी कुणालाही ओळखत नव्हतो. परंतु मी ज्यांची हजेरी घेत असे, ते मजूरही त्याच भागातले होते आणि त्यांनीही मला विचारले होते, "साहेब, निघू का?" मी त्यांना थांबा म्हणालो, कारण मालकांकडून धान्याचे आश्वासन मिळाले होते. धान्य उशिरा आणि कमी आले. ते लोक थांबले म्हणून वाचले, हे खरे आहे. पण मी थांबवले ते त्यांच्या जिवासाठी की भट्टी पुन्हा सुरू करायला माणसे हाताशी राहावीत म्हणून, याचे उत्तर मला आजही स्वच्छ देता येत नाही.

म्हणून या चित्रपटाची संयत मांडणी मला मोलाची वाटते. पायपीट करणाऱ्यांची गर्दी दाखवून डोळ्यांत पाणी आणणे सोपे होते. इथे दिग्दर्शकाने त्याआधीचा दीड तास या दोघांच्या हसण्यात, भांडणात, परीक्षेच्या अर्जात आणि चंदनच्या आईच्या भेगाळलेल्या टाचांत घालवला. ती आई शाळेत स्वयंपाकाचे काम करते आणि तिच्या जातीमुळे वरच्या जातीचे पालक तिच्या हातचे अन्न नाकारतात. रस्त्यावर पडलेला मुलगा कोणत्या घरातला होता, हे आपल्याला इतके नीट ठाऊक झालेले असते, की नंतर त्याला कुणी नुसता स्थलांतरित म्हणावे, हे सहन होत नाही. करमाडच्या सोळाजणांविषयी आम्हाला त्यांची गावे आणि वये कळली. त्यांच्यापैकी कोण गाणे म्हणत असे, कुणाने बहिणीच्या लग्नाला किती पैसे धाडले होते, हे जालन्यात कुणीही विचारले नव्हते. त्या वेळी मीही नाही.

शेवटी नियुक्तीचे पत्र येते आणि ते घ्यायला चंदन नसतो. काही मित्रांना हा योग फार जुळवलेला वाटला. मला तो तसा वाटला नाही, कारण आपल्याकडे भरतीचा निकाल कधी येईल याला काही काळवेळ नसतो.

माजलगाव : पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी

जालन्याच्या काकांनी पत्राविषयी जे लिहिले, ते अगदी खरे आहे. मी तीन वर्षांपासून मैदान करते. मुलींना आठशे मीटर धावणे, शंभर मीटर धावणे आणि गोळाफेक असते. मुलांना आठशेच्या जागी सोळाशे मीटर असते. पहाटे साडेचारला आम्ही बायपासवर धावतो, कारण नंतर उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. आमच्या गटातील अर्ध्या मुलींचे आई-वडील हंगामात कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात आणि मुली घर, लहान भावंडे आणि अभ्यास एकट्या सांभाळतात.

'होमबाउंड'मध्ये सगळे चंदनविषयी बोलतात, पण मी चंदनच्या बहिणीकडेच पाहत राहिले. घरात एकालाच शिकवता येणार होते, म्हणून तिचे शिक्षण थांबले आणि त्याचे चालू राहिले. एका प्रसंगात ती हे त्याला बोलून दाखवते. माझ्या घरी हे उलट घडले आहे. माझा धाकटा भाऊ बारावीनंतर कामाला लागला आणि माझ्या अर्जाचे, क्लासचे, बुटांचे पैसे त्याच्या मजुरीतून येतात. तो कधी बोलून दाखवत नाही. चित्रपटातील बहिणीला बोलता आले, त्यामुळे मला पहिल्यांदा वाटले, की माझ्या भावाच्याही मनात असे काही वाक्य असेल. माझी दिग्दर्शकाकडे एकच तक्रार आहे : त्या बहिणीला आणखी दोन प्रसंग द्यायला हवे होते.

छत्रपती संभाजीनगर : परिचारिका, मूळ गाव परभणी जिल्हा

पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे तिथले दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक मिळाले. भारतीय चित्रपट तिथल्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी पोहोचला होता, हे वाचून मी तो पाहिला. मात्र तो मुंबईतल्या नर्सेसविषयी आहे, हे मला त्या बातमीपेक्षा महत्त्वाचे वाटले, कारण आमच्या व्यवसायाविषयी चित्रपटांत आम्ही सहसा डॉक्टरच्या मागे ट्रे धरून उभ्या असतो.

प्रभा आणि अनू या केरळच्या दोन नर्स एका खोलीत राहतात. प्रभाचा नवरा लग्नानंतर लगेच जर्मनीला गेलेला आहे आणि त्याचा फोनही येत नाही. एके दिवशी कुणी पाठवला हे न लिहिलेला एक परदेशी राइस कुकर घरी येतो. रात्री प्रभा तो कुकर मिठीत घेऊन बसते. हे लिहितानाही मला भरून येते. मी वसतिगृहात राहत असताना एक ज्येष्ठ सिस्टर आमच्याबरोबर होत्या. त्यांच्या कपाटात नवऱ्याने एकदाच पाठवलेली साडी घडीसकट ठेवलेली होती. रात्रपाळीहून आल्यावर त्या कपाट उघडून पाहत आणि बंद करत. आम्ही वीस-बावीस वर्षांच्या मुली ते पाहून एकमेकींना कोपराने खुणावत असू. त्यांची आता माफी मागता येणार नाही.

चित्रपटात तिसरी बाई आहे पार्वती, रुग्णालयातील स्वयंपाकीण. ती भूमिका छाया कदम यांनी केली आहे. बावीस वर्षे राहिलेली खोली आपली आहे हे सिद्ध करणारा एकही कागद तिच्याकडे नाही, कारण सगळे व्यवहार नवरा पाहत असे आणि तो आता हयात नाही. बिल्डर खोली रिकामी करायला सांगतो आणि ती कोकणातल्या गावी परतते. वॉर्डात रोज अशा बायका येतात. आधार कार्ड सोडले तर त्यांच्याकडे स्वतःच्या नावाचा कागद नसतो; शेत, घर, रेशन सगळे नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर असते. दाखल करताना "मालमत्ता तुमच्या नावावर काय आहे?" असे योजनेच्या अर्जासाठी विचारले, की त्या नवऱ्याकडे पाहतात.

उत्तरार्धात सगळे कोकणात समुद्राकाठी जातात, तिथे चित्रपट फार मंद झाल्यासारखा मला सुरुवातीला वाटला. नंतर लक्षात आले, की रात्रपाळी संपवून आल्यावर पहिले दोन तास आपणही असेच असतो : झोप येत नाही, कुणाशी बोलावेसे वाटत नाही आणि उजेड डोळ्यांना सहन होत नाही.

गंगाखेड : निवृत्त मुख्याध्यापक

निखिल महाजन यांचा 'गोदावरी' नोव्हेंबर २०२२ मध्ये आला, म्हणजे बाकीच्यांच्या मानाने जुना. पण मी तो यंदा पाहिला. नाशिकच्या घाटाशी राहणारा निशिकांत, त्याचे घरापासून तुटलेपण आणि मृत्यूची जवळ आलेली चाहूल हा त्याचा विषय आहे. निशिकांतच्या भूमिकेत जितेंद्र जोशी यांनी त्याच्या मनातला राग फार संयमाने धरून ठेवला आहे. या भूमिकेसाठी त्यांना गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात पुरस्कार मिळाला आणि दिग्दर्शकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्ही यथोचित आहेत.

माझे म्हणणे नदीविषयी आहे. आम्ही त्याच नदीच्या खालच्या अंगाला राहतो. जनाबाईंचे हे गाव. आसपासच्या जिल्ह्यांतून लोक अस्थी घेऊन आमच्या घाटावर येतात. नाशिकात नदी उगमाजवळची आहे, आणि पुढे पैठणला जायकवाडीच्या भिंतीत अडून मग ती आमच्यापर्यंत येते. वरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचे, यावर दर तुटीच्या वर्षी वाद होतो. उन्हाळ्यात आमच्याकडे अनेकदा पात्रात डबकी उरतात आणि दशक्रियेला आलेल्या लोकांना अस्थी विसर्जनासाठी पाणी शोधत आत चालत जावे लागते. माझ्या पत्नीच्या अस्थी घेऊन मीही असाच चालत गेलो होतो. वाळू उपसलेल्या खड्ड्यात साठलेले गुडघाभर पाणी होते.

चित्रपटात नायक नदीवर चिडतो, तिच्यापासून पळतो आणि शेवटी तिच्याशी समेट करतो. जिच्यावर चिडायचे, ती नदी समोर वाहती तरी असावी लागते, असे मला त्या वेळी वाटले. हा दोष चित्रपटाचा नाही. तो नाशिकचा आहे आणि नाशिकशी प्रामाणिक आहे. परंतु ही कथा नदीच्या खालच्या अंगाला घडली असती तर निशिकांत कुठे उभा राहिला असता, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली : निवृत्त अंगणवाडी सेविका

मी चित्रपट फार पाहत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईला मुलीकडे गेले असताना ती मला रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' पाहायला घेऊन गेली. नाव ऐकून मला वाटले, की आमच्या माळरानावरच्या निवडुंगाच्या लाल बोंडांविषयी, म्हणजे गावाकडच्या बालपणाविषयी काही असेल. अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात त्याला मोठा पुरस्कार मिळाला आहे, एवढे मुलीने सांगितले. बाकी काही सांगितले नाही आणि ते बरे केले, कारण आधी सांगितले असते तर मी कदाचित गेले नसते.

वडील वारले म्हणून आनंद मुंबईहून दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक एकामागून एक त्याला लग्नाविषयी विचारतात. त्याचे मन बाईकडे नाही. त्याचे मन लहानपणच्या मित्राकडे, गावातच राहिलेल्या बाळ्याकडे आहे. हे त्याच्या आईला ठाऊक आहे. फारशी न शिकलेली ती खेड्यातील बाई, नवऱ्याच्या दुःखात बुडालेली असतानाही लेकाच्या आणि नातेवाइकांच्या मध्ये उभी राहते. कुठेही मोठे भाषण नाही, आरडाओरडा नाही. जयश्री जगताप यांनी ती आई अशी केली आहे, की ती मला आमच्या वाड्यातलीच कुणी वाटली.

सुतकाचे दहा दिवस फार खरे आहेत. घरात माणसांची गर्दी, पण ज्याचा बाप गेला त्याला रडायला कोपरा नाही, आणि प्रत्येक येणारा सांत्वनाच्या पहिल्या वाक्यानंतर दुसऱ्या वाक्यात "आता लग्न उरकून टाक" म्हणतो. माझ्या भावजींच्या दहाव्याला मी स्वतः माझ्या भाच्याला हेच म्हणाले होते. तो तेव्हा एकतीस वर्षांचा होता. त्याने मान खाली घातली आणि गोठ्याकडे निघून गेला. मी त्याच्या आईला म्हणाले, "दुःखात आहे, सावरेल." पुढच्या चार वर्षांत मी त्याला तीन स्थळे सुचवली.

मुलीने मला मुद्दाम हाच चित्रपट का दाखवला, हे मी तिला विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. या विषयावर माझे मत अजून पक्के झालेले नाही. ज्या वयात माणसाला हे समजून घेता येते, ते वय माझे निघून गेले असे मला वाटत होते. बहिणीला मी यातले काही बोललेले नाही, कारण ते तिला सांगण्याचा अधिकार माझा नाही.

गावी परत आल्यावर भाच्याचा दर आठवड्याप्रमाणे फोन आला. तब्येत, पाऊस, हळदीचा भाव असे सगळे बोलून झाले. फोन ठेवताना मी त्याला एवढेच विचारले, की 'साबर बोंडं' पाहिलास का रे?

तो थोडा थांबला आणि म्हणाला, "दोनदा पाहिला, मावशी."